प्रेमिलाबाईंचा उजवा हात

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या वस्तीत कुणी प्रेमिला गजभियेंना नावाने शोधत आलं, तर लोक उलट विचारायचे, "कोणती प्रेमिला? रोटीवाली?" हो म्हटलं की थेट दारापर्यंत आणून सोडायचे. रोटीवाली म्हणजे पोळपाट-लाटणं घेऊन बसणारी नव्हे. नागपूरची लंबी रोटी ज्याने होताना पाहिली नाही, त्याला ती समजावणं कठीण. पण समजावल्याशिवाय या बाईचं काय गेलं ते कळायचं नाही, म्हणून सांगतो. चुलीवर मातीचं मडकं उपडं घालायचं. गव्हाचं पीठ कापडातून चाळून इतकं सैल भिजवायचं, की नवखी बाई म्हणेल, अगं बाई, पाणी जास्त झालं. मग ते परातीत आपटत, ओढत, तिंबत राहायचं. त्याला ओढ आली की त्यातला गोळा तळहातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर असा झेलत राहायचा, की तो ओघळत कोपरापर्यंत येतो, लुगड्याच्या पदरासारखा पातळ होतो, आणि फाटायच्या आत तो मडक्यावर पसरायचा. बघणाऱ्याला वाटतं, मनगटाचं काम आहे. मनगटाचं नाही, खांद्याचं आहे. दोन्ही हात छातीच्या वर धरून तासन्‌तास झेलत राहायचं, खाली जाळ आणि तोंडावर धूर. मनगटाचं समजून हौसेने बसलेल्या कितीतरी जणींनी आपलं पीठ चुलीच्या स्वाधीन केलेलं आहे.

प्रेमिलाबाईंची रोटी मात्र कधी फाटली नाही. लग्न असो, नामकरण असो, की कुणी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन असो, नंदनवनापासून उमरेड रोडपर्यंतच्या वस्त्यांत त्यांना बोलावणं यायचं. जोडीला इंदुताई. इंदुताईंनी पीठ तिंबायचं आणि प्रेमिलाबाईंनी रोटी टाकायची, अशी वाटणी वर्षानुवर्षं ठरलेली. दोघी एकमेकींना शिव्या दिल्याशिवाय चूल पेटवत नसत. प्रेमिलाबाईंचा नवरा मुलगी शाळेत असतानाच गेला होता. मेघाला त्यांनी याच दोन हातांवर वाढवलं, बी.कॉम.पर्यंत शिकवलं, आणि चुलीजवळ मात्र फिरकू दिलं नाही. "मी धूर खाल्ला, आता तू एसीची हवा खा," असं त्या म्हणायच्या. मेघाला सीताबर्डीवरच्या एका दुकानात हिशेबाची नोकरी लागली आणि तिथे खरोखरच एसी होता, याचं त्यांना भारी कौतुक.

आता खर्ऱ्याचं सांगायला हवं, आणि ते सांगताना माझं डोकं फिरतं. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एका प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट घोट घोटायचा आणि चिमूटभर गालात धरून ठेवायचा. या शहरात रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांचा गाल फुगलेला दिसतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. चुलीजवळच्या बायकांचं त्यावर वेगळं शास्त्र होतं. लग्नघरात शेकडो माणसं जेवून जातात, पण रोटीवालीला शेवटच्या पंगतीपर्यंत उठता येत नाही. खर्रा तोंडात असला की भूक मरते आणि धुराने घसा खवखवत नाही. म्हणून इंदुताई पन्नी घोटायच्या, अर्धा स्वतः घ्यायच्या आणि अर्धा प्रेमिलाबाईंच्या तोंडात घालायच्या, कारण त्यांचे दोन्ही हात पिठात. उजव्या गालात. नेहमी उजव्याच. जेवू न घालता राबवून घेणाऱ्या जगाला मी दोष देतो, पण खर्ऱ्यालाही सोडत नाही.

त्या गालाला आतून पांढरा चट्टा आला, मग फोड आला, आणि तो जाईना. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. प्रेमिलाबाईंकडे कारण तयार होतं. पहिली रोटी त्या मडक्यावरून काढल्या काढल्या तोंडात टाकून मीठ बघायच्या, त्याने पोळलं असेल. पुढे जबड्याखाली मानेत सुपारीएवढी गाठ लागली. तिचंही कारण तयार. इंदुताई म्हणाल्या, "नस चढली तुई. लग्नसराईत हात जास्त चालला ना वं." आणि त्यांनी मोहरीचं तेल कोमट करून गाठ चांगली रगडून दिली. रोज संध्याकाळी, पीठ तिंबणाऱ्या त्या दणकट हातांनी. प्रेम होतं त्यात, खोटं नाही. पण जिला हात लावायचा नाही तिलाच दोघी मिळून चोळत होत्या. रोटीवाल्यांचा सगळा जन्म खांदेदुखीत जातो. मानेतलं काहीही त्यांना खांद्याचंच वाटतं.

तोंड उघडेना तेव्हा त्या नंदनवनातल्या एका दातवाल्याकडे गेल्या. त्याने बॅटरी लावून आत पाहिलं, बॅटरी बंद केली, आणि एक पैसा न घेता मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. पैसे घेतले नाहीत, तेव्हाच प्रेमिलाबाई समजल्या.

दवाखान्यात गालाचा तुकडा काढून तपासला, मानेचा फोटो काढला. डॉक्टर दामिनी म्हणून एक बाई होत्या, चाळिशीच्या आतल्या, बोलायला सरळ. त्यांनी प्रेमिलाबाईंना समोर बसवून सांगितलं की गालातला कॅन्सर आहे आणि त्याचं बी मानेतल्या गाठीत उतरलं आहे. गाल कापावा लागेल, आणि मान उघडून तिथल्या सगळ्या गाठी साफ कराव्या लागतील.

"मान कापसान?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"कापून पुन्हा शिवणार. पण एक गोष्ट नीट ऐका. मानेतून एक नस खांद्याकडे जाते. हात वर उचलायचं काम तिचं. आज तुमची गाठ त्या नसेपासून लांब आहे. आज केलं तर नस राखता येईल असं मला वाटतं. गाठ वाढून नसेला चिकटली, तर मला नस कापावी लागेल. मग हात खांद्याच्या वर जाणार नाही."

"म्हंजे रोटी?"

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. प्रेमिलाबाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात वर धरून झेलून दाखवलं. डॉक्टर दामिनी बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणूनच सांगते, थांबू नका."

हा मार्च महिना होता. आणि मेघाचं लग्न बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी ठरलेलं होतं.

इथे कुणीही शहाणा माणूस म्हणेल, लग्न पुढे ढकलायचं. असे शहाणे लोक मुलीच्या आईच्या जागी कधी बसलेले नसतात. मुलगा धम्मानंद, बुटीबोरीच्या कंपनीत कायम झालेला, निर्व्यसनी, देखणा. पण बैठकीच्या दिवशी त्याची आई चहा पिता पिता त्यांच्या नात्यातल्या एका घराबद्दल सहज म्हणून गेली होती, "त्या घरी कॅन्सर निघाला, म्हून आमी तथची पोरगी नाही केली बापा. ते घरात उतरते म्हंतात." हसतमुख बाई, मनाने वाईट मुळीच नव्हती. तिने जे ऐकलं होतं ते ती बोलली. प्रेमिलाबाईंनी तेव्हा मान डोलावली होती. आता दवाखान्यातून बसने परत येताना त्यांच्या कानात तेवढंच एक वाक्य वाजत होतं.

शिवाय दुसरी एक अडचण. मुलाकडच्यांनी हुंडा मागितला नव्हता, मान-पान मागितलं नव्हतं, एकच हौस सांगितली होती: जेवणात लंबी रोटी पाहिजे आणि ती विहीणबाईंच्या हातची. लग्नाच्या दिवशी रोटीवाली आईच चुलीपाशी दिसली नाही, तर लोक विचारल्याशिवाय राहतील?

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवून त्यांनी मूठ झाकली. फक्त इंदुताईंना सांगितलं, कारण गाठ चोळणं थांबवायचं होतं.  इंदुताई स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "मी रगडली वं. मीच रगडली."

"तुले कोण दोष देऊन राहिलं? फकस्त तोंड बंद ठेव. पोरगी एकदा तिच्या घरी गेली का मी दुसऱ्याच दिवशी भरती होतो."

"अन्‌ हात गेला तं?"

"हात तिच्या लग्नालेच तं पाहिजे. मंग काय कराचा हाये?"

असं त्या बोलल्या, पण ते खरं नव्हतं. प्रेमिलाबाईंना हात हवा होता. त्यांनी मनाशी हिशेब केला होता की दोन-अडीच महिन्यांत सुपारीची कैरी होत नाही. गाठ थांबेल, डॉक्टर जरा जास्तच भीती घालतात, देव मानत नसलो तरी नशीब म्हणून काही असतंच. मरणाला ती बाई भीत नव्हती असं मी म्हणणार नाही, पण हात गेल्यावरच्या जगण्याला जास्त भीत होती. आणि तरीही थांबली. दोन्ही गोष्टी राखायला निघाली.

लग्न झालं. मे महिन्यातलं नागपूर, डांबर वितळत होतं, आणि मांडवामागे दोन चुली पेटलेल्या. प्रेमिलाबाईंनी पदर मानेभोवती घट्ट गुंडाळून घेतला होता. "जाळ लागते," असं कुणी विचारलं तर सांगायच्या. गाल दुखत होता, उजवा कान ठणकत होता, गोळी घेऊन बसल्या होत्या. तिकडे मांडवात त्रिसरण-पंचशील झालं, पांढऱ्या साडीतल्या मेघाने धम्मानंदला हार घातला, आणि इकडे त्या रोटी टाकतच होत्या. मंगल गाथा चालू असताना इंदुताईंनी त्यांना ओढून मांडवाच्या कडेशी नेलं, पोरीला डोळे भरून बघू दिलं, आणि परत आणलं. त्या दिवशीच्या रोट्या, लोक सांगतात, हातरुमालासारख्या होत्या. आलू-वांग्याच्या भाजीसोबत मुलाकडच्या माणसांनी पोट फुटेस्तोवर खाल्ल्या. विहीण स्वतः मांडवामागे आली, प्रेमिलाबाईंचा पिठाने माखलेला उजवा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाली, "या हाताले सोन्याने मढवा." प्रेमिलाबाई हसल्या. जेवढं तोंड उघडत होतं तेवढ्यात.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी त्या भरती झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पोरीला रिवाजाप्रमाणे माघारी माहेरी आणायचं होतं, मग ती चार दिवस राहिली, मग दवाखान्यात पुन्हा तपासण्या, नंबर. ऑपरेशन व्हायला जून उजाडला. मेघाला सांगितलं, "आत्ताच निघालं बाई. नशीब मोठं, तुह्या लग्नानंतर निघालं." मेघा आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली.

शुद्धीवर आल्यावर त्यांना आधी कळलं की नाकात नळी आहे, मानेतून दुसरी नळी निघून बाटलीत गेली आहे, छातीचं मांस वर आणून गालाला ठिगळ लावलेलं आहे, आणि जीभ कुणा दुसऱ्याची असल्यासारखी जड आहे. त्या सगळ्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांनी चादरीखाली उजवा हात हलवून पाहिला. बोटं हलली. मनगट वळलं. कोपर वाकलं. मग त्यांनी हात वर उचलायला घेतला, आणि खांद्याने ऐकलंच नाही. दुसऱ्याच्या घरचं पोर हाक मारली तरी येत नाही, तसा तो खांदा पडून राहिला.

डॉक्टर दामिनी संध्याकाळी आल्या. त्यांनी लपवलं नाही. "नस गाठीत अडकली होती. कापावी लागली." एवढंच म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. प्रेमिलाबाईंना बोलता येत नव्हतं, ते बरंच झालं. बोलता आलं असतं तर त्यांनी मार्चचं विचारलं असतं आणि मेघा बाजूलाच बसलेली होती.

त्यानंतरचं वर्ष मी लांबवून सांगत नाही. रेडिएशनचे शेक झाले, त्याने मान काळी पडली आणि चव गेली. व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, ती भिंतीपाशी उभं करून बोटं भिंतीवरून किड्यासारखी वर चालवायला सांगायची. प्रेमिलाबाईंची बोटं छातीच्या उंचीपर्यंत चढायची आणि तिथून सरकून खाली यायची. केस विंचरायला डावा हात, दोरीवर लुगडं टाकायला डावा हात. उजवा खांदा खाली ओघळला, त्या बाजूचा ब्लाउज सारखा घसरायचा. एकदा, नोव्हेंबरात, इंदुताईंच्या अंगणात त्यांनी हट्टाने चूल पेटवायला लावली. इंदुताईंनी पीठ तिंबून दिलं. प्रेमिलाबाईंनी गोळा घेतला, डाव्या हातावरून उजव्यावर टाकला. उजवा वर आलाच नाही. पीठ हातावरून घसरून निखाऱ्यात पडलं आणि करपल्याचा वास सुटला. इंदुताई म्हणाल्या, "होते असं. पुन्हा घे." त्यांनी पुन्हा घेतला नाही. पुढे इंदुताईंनी दिघोरीची एक तरुण बाई जोडीला धरली. त्यांचंही पोट होतं. प्रेमिलाबाई पीठ चाळून द्यायच्या, तेवढ्याचे पैसे घ्यायच्या, आणि कुणी रोटीची तारीफ केली की उठून आत जायच्या.

या सगळ्यात त्यांना एकाच गोष्टीचा आधार होता. तो आधार कुणाला दाखवण्यासारखा नव्हता, पण पक्का होता. पोरीला काही कळलं नाही. पोरगी हसत सासरी गेली, सासू तिच्यावर माया करते, जावई चांगला निघाला. हात गेला तो फुकट गेला नाही आणि त्याचं ओझं पोरीच्या डोक्यावरही नाही. रात्री खांदा ठणकला की त्या स्वतःला हेच सांगायच्या आणि कूस बदलायच्या. एखादीला देवाचा जप असतो, तसा हा त्यांचा जप.

पुढच्या वर्षी मेघाला दिवस गेले. सातव्या महिन्यात चोळी-पातळ करून पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणलं. त्याच आठवड्यात दवाखान्याची तारीख होती. "तू नको येऊ वं, उन्हाचं," असं आईने दहा वेळा सांगितलं. मेघा आलीच.

डॉक्टर दामिनींनी मान चाचपली. उजवी बाजू चाचपली, मग डावी. डाव्या बाजूला त्यांची बोटं थांबली, थोडी मागे आली, पुन्हा तिथेच गेली. प्रेमिलाबाई समजल्या. दातवाल्याने बॅटरी बंद केली होती, तेव्हासारख्याच समजल्या. सोनोग्राफी झाली, सुईने पाणी काढून तपासलं, आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. पुन्हा मेघा सोबत.

"या बाजूला एक गाठ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "लहान आहे. लगेच काढू. या आठवड्यात भरती व्हा."

"हा हातबी जाईन?"

"आता काढली तर नस राखता येईल. गाठ अजून लांब आहे."

प्रेमिलाबाईंनी डावा हात मांडीवर ठेवला होता. हा हात गेला तर पाण्याचा तांब्या डोक्यावर नेता येणार नाही. पण त्यांच्या मनात तांब्या नव्हता. त्यांच्या मनात होतं दोन महिन्यांनी येणारं बाळ. पाय लांब करून पायांवर बाळाला पालथं घालायचं, तेल लावायचं, ऊन पाणी ओतायचं. एका हाताने जमवू, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. आणि बाळंतिणीला शेक कोण देणार, डिंकाचे लाडू कोण वळणार? आई दवाखान्यात आणि पोरगी बाळंतपणाला सासरी परत, हे कोणत्या तोंडाने विहिणीला सांगायचं?

"मॅडम, दोन महिने थांबा," त्या म्हणाल्या. "पोरीचं मोकळं होऊ द्या. तोवर हा हात मले पाहिजे. मंग तुमाले काय कापाचं ते कापा."

डॉक्टर दामिनींचा आवाज चढला. "प्रेमिलाबाई, हेच तुम्ही मागच्या वेळी केलं! मी मार्चमध्ये तुम्हाला काय सांगितलं होतं? तेव्हाच आल्या असत्या तर आज तुमचा उजवा हात..." आणि त्यांची नजर मेघावर गेली. त्या थांबल्या. पण वाक्य बाहेर पडून गेलं होतं.

 प्रेमिलाबाईंनी इतके दिवस जपलेलं भांडं एका धक्क्यात फुटलं. त्या घाईघाईने म्हणाल्या, "मार्चमधी नाही, मॅडम, तुमी इसरल्या. जूनमधी. तुमच्याजोळ लय पेशंट येतेत ना, म्हून..."

"आई, राहू दे," मेघा म्हणाली.

ती दचकली नव्हती. तिने डॉक्टरांना विचारलं नाही की मार्चमध्ये काय झालं होतं. पोटावर दोन्ही हात ठेवून ती बसली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक होता, पण त्यात नवं काही ऐकल्याचं नवल नव्हतं.

"मॅडम, मले माहीत हाये," ती म्हणाली. "हळदीच्या दिवशी आईची पाठ चोळून देत होती, तवा मानेतली गाठ हाताले लागली. तोंडाचा वासबी येत होता. आमच्या दुकानातल्या काकाले असंच झालं होतं. मले समजलं होतं. मी तवा चूप राहिली. आता नाही राहत. उद्या भरती करा तिले."

 डॉक्टर म्हणाल्या, "निर्णय त्यांचा आहे."

प्रेमिलाबाई कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "करा भरती."

बाहेर व्हरांड्यात बाक होता, त्यावर त्या बसल्या. मेघा समोर उभी राहिली. माणसं येत होती, जात होती. कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या गळ्याला पट्टी, अर्ध्यांचे नातेवाईक जिन्याच्या कोपऱ्यात उभे राहून खर्रा थुंकत होते.  प्रेमिलाबाईंनी विचारलं, "तुले हळदीच्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"अन्‌ मी चुलीपाशी बसून राहिली होती, ते दिसत होतं?"

"हो."

"मंग काहून नाही बोलली वं? एक शब्द काहून नाही बोलली?"

मेघाला खोटं सांगता आलं असतं. मला वाटलं नव्हतं, मला खात्री नव्हती, मी घाबरले होते, कितीतरी वाटा होत्या. ती म्हणाली, "बोलली असती तं लग्न मोडलं असतं. मले ते लग्न कराचं होतं, आई."

मी या पोरीला वाईट म्हणत नाही. तेवीस वर्षांची पोरगी, हाताला हळद लागलेली, आणि समोर आईच पदर गुंडाळून हसते आहे. आईने मूठ झाकली होती, लेकीने तीच मूठ बाहेरून दाबून धरली. पण प्रेमिलाबाईंना त्या वेळी हे काही सुचलं नाही. त्यांना एवढंच कळलं की रात्री कूस बदलताना जे त्या स्वतःला सांगत होत्या, ते खरं नव्हतं. हात त्यांनी दिला नव्हता. तो जाताना पोरगी बघत उभी होती. त्यांच्या आयुष्यात त्यांना इतका राग कधी आला नव्हता, नवऱ्याचाही नाही. एक ठेवून द्यावी, असं त्यांच्या मनात आलं, आणि जन्मभराच्या सवयीने उजवा हात उठला.

उठला तो छातीपर्यंत. तिथेच थांबला. उभ्या असलेल्या मेघाच्या गालापर्यंत पोचायला त्याला खांदा नव्हता.

मेघाने ते पाहिलं. बाकाची कड धरून, जड पोट सांभाळत ती हळूहळू आईच्या समोर जमिनीवर बसली आणि तिने आपला गाल त्या हाताच्या उंचीला आणला.

"मार," ती म्हणाली.

येणारे-जाणारे थबकले. कुणीतरी "काय झालं मावशी?" असं विचारलंही. प्रेमिलाबाईंनी मारलं. चापटीत जोर नव्हता. माशी हाकलताना बसतो तेवढाही फटका बसला नाही. नुसती बोटं गालावरून घसरून खाली आली.

लागलं नाही, म्हणून मेघा हंबरडा फोडून रडायला लागली. प्रेमिलाबाईंनी तिला जवळ घेतलं नाही आणि गप्पही केलं नाही.  मग डाव्या हाताने बाकाचा आधार घेऊन त्या उठल्या, तोच हात त्यांनी पोरीपुढे धरला आणि म्हणाल्या, "ऊठ. खाली नको बसू अशी. भरतीची खिडकी बंद होईन."